दवाखाना गाठेपर्यंत : पेण-रोह्यातील घरांसाठी प्रथमोपचार

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन्ही तालुक्यांची ठिकाणे रेल्वेमार्गावर आहेत. मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून जातो आणि रोह्याजवळच्या कोलाडवरूनही. दोन्ही गावांत उपजिल्हा रुग्णालय आहे; जिल्हा सामान्य रुग्णालय अलिबागला आहे. नकाशावर पाहिले तर ही अंतरे फारशी नाहीत. पण डोंगरावरच्या कातकरी-ठाकूर वाड्यांतून रुग्णाला आजही झोळीत घालून खालच्या रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि पावसाळ्याच्या रात्री खारेपाटातल्या एखाद्या गावातून वाहन मिळवणे हेही सोपे काम नसते. आजार किंवा अपघात घडल्यापासून डॉक्टरच्या हाती रुग्ण पडेपर्यंतचा हा वेळ घरच्यांच्या हातात असतो. तो कसा वापरला जातो यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

प्रथमोपचार म्हटले की डोळ्यांसमोर कापूस, आयोडीन आणि चिकटपट्टीचा डबा येतो. या दोन तालुक्यांत ज्या प्रसंगांत माणसे दगावतात, त्यांत त्या डब्याचा उपयोग थोडाच होतो. तिथे दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : काय करू नये, आणि कोणते लक्षण दिसताच घर सोडावे.

विंचू : वेदनेपेक्षा घाम महत्त्वाचा

या दुसऱ्या गोष्टीचा सर्वांत बोलका धडा रायगड जिल्ह्यातच शिकला गेला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले काही तासांत दम लागून मरताना त्यांनी पाहिली. त्या काळी विंचवावर मंत्र, झाडपाला, किंवा दवाखान्यात नेलेच तर वेदनाशामक सुई, एवढेच उपाय होते. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली आणि मृत्यू हृदय व फुप्फुस निकामी झाल्याने होतो, हे दाखवून दिले. त्यांचा याविषयीचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तांबड्या विंचवाचे विष शरीरातील मज्जातंतूंना असे काही डिवचते की, भीतीच्या क्षणी रक्तात जी द्रव्ये उसळतात ती पुरासारखी वाहू लागतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. हा आवळ सोडवणारे प्राझोसिन हे औषध मुळात रक्तदाबासाठी वापरले जाणारे, स्वस्त गोळीच्या रूपात मिळणारे. १९८४ पासून डॉ. बावस्करांनी ते विंचूदंशावर वापरले. त्यापूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत असत. नंतर हे प्रमाण शेकडा एकच्याही खाली आले. विंचवावरील प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीला दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे महाडमध्ये केलेल्या चाचणीतून पुढे आले आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ते प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरच्यांच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. चावलेल्या जागी असह्य कळा येत असतील, रुग्ण ओरडत असेल, पण बाकी काही होत नसेल, तर धोका बहुधा कमी असतो. उलट कळ फारशी नाही, पण रुग्णाला उलटी झाली, दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, तोंडाला लाळ सुटली, पुरुष वा मुलगा असल्यास लिंगाला ताठरता आली, तर विष अंगात भिनले आहे असे समजावे. त्यानंतर दम लागणे, खोकला, तोंडाला गुलाबी फेस हा पुढचा टप्पा होय. तो येण्याची वाट पाहू नये. कळ कमी झाली म्हणून घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि नेमका त्याच वेळी घाम फुटत असतो. लहान मुलांच्या बाबतीत लक्षणांचीही वाट पाहू नये. अंगाच्या मानाने विषाची मात्रा मोठी पडते. मुलाला विंचू चावला की थेट रुग्णालयात न्यावे.

घरी करायचे ते थोडेच. चावलेल्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवावी, पॅरासिटामॉलची गोळी द्यावी, रुग्णाला आडवे करून शांत ठेवावे. दंशाच्या जागी चिरा देणे, रॉकेल लावणे, मिरची खायला घालणे, दोरी आवळणे यांपैकी कशाचाही फायदा नाही. प्राझोसिनची गोळी घरी आणून ठेवण्याचा मोह काहींना होतो. ती रक्तदाब झपाट्याने उतरवते, म्हणून रुग्णालयात रक्तदाब मोजत द्यायची असते. काळा मोठा विंचू, ज्याला आपल्याकडे इंगळी म्हणतात, तो दिसायला भयंकर असला तरी त्याचे विष त्या मानाने सौम्य असते. जीव घेतो तो लहानखुरा तांबडा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी, लाकडांचा ढीग, शेणी, पेंढा आणि दाराबाहेर काढून ठेवलेले बूट या त्याच्या जागा. बूट झटकून घालणे एवढ्या एका सवयीनेही पुष्कळ दंश टळतात.

साप : न दुखणारा दंश

घातक ठरणारे चार साप सर्वांना ठाऊक असावेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हाफकिनमध्ये तयार होणारे प्रतिविष या चारांवर चालते. कोकणात झाडाझुडपांत राहणारा हिरवा चापडाही चावतो. त्यावर हे प्रतिविष लागू पडत नाही. मात्र साप कोणता हे ठरवणे डॉक्टरांकडे सोपवावे. तो मारायला किंवा पकडायला जाण्यात दुसरा माणूस चावून घेतो. लांबून सहज काढता आला तर मोबाइलमधील फोटो पुरेसा होतो.

घोणस किंवा फुरसे चावले की जागा सुजते, दुखते, रक्त थांबत नाही, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त येते. तेव्हा घरातली माणसे स्वतःहून पळतात. फसवतो तो मण्यार. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो. दंश मुंगीसारखा, कधी जागही येत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, थुंकी गिळता येत नाही. पोटदुखी म्हणून ओवा आणि सोडा दिला जातो, आणि तासाभरात श्वास मंदावतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी अकारण पोटदुखी आणि जड पापण्या, ही जोडी दिसताच सर्पदंश समजून निघावे. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा सर्वांत स्वस्त बचाव होय.

दंश झाल्यावर रुग्णाला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला सैलसर बांधून हलू न देणे, अंगठ्या, बांगड्या, पैंजण व घट्ट कपडे काढणे, दंशाची वेळ लिहून ठेवणे, इतकेच करायचे आहे. आवळपट्टी बांधू नये, चिरू नये, चोखू नये. आवळपट्टी आधीच कोणी बांधली असेल तर ती रस्त्यात एकदम सोडू नये. डॉक्टरांसमोर सोडावी, कारण साठलेले विष एकदम अंगात जाते. रुग्णवाहिका येण्यासारखी नसेल तर मोटारसायकलवर चालक आणि मागचा माणूस यांच्या मध्ये रुग्णाला बसवून रस्त्यापर्यंत आणणे, हा मार्ग भारतातील सर्पदंश उपचाराच्या मार्गदर्शनातही मान्य आहे.

भगताकडे नेण्याच्या प्रथेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. त्यामुळे भगताकडे गेलेल्यांपैकी पुष्कळ जण बरे होऊन येतात आणि गावाचा विश्वास बसतो. ज्याला विष भिनले आहे त्याचा मात्र तेवढा वेळ जातो. कुटुंबाचा आग्रहच असेल तर भगताला गाडीत सोबत घ्यावे. गाडीची दिशा रुग्णालयाचीच असावी. तिथे पोचल्यावर लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहण्यास सांगतात, त्यात टाळाटाळ करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित आजारांत केला, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला.

कुत्रा चावला तर नियम आणखी सोपा आहे, पण तो पाळला जात नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे, घड्याळ लावून धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रक्त आलेल्या जखमेला लशीखेरीज जखमेतच द्यावयाची वेगळी सुई लागते, ती मागून घ्यावी, आणि लशीची कोणतीही तारीख चुकवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

कारखाना, रंगशाळा आणि स्वयंपाकघर

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि पेणच्या घराघरांत, हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्ती घडतात. या दोन उद्योगांमुळे इथल्या घरांत असे अपघात संभवतात जे अन्यत्र क्वचित घडतात.

मूर्तिकामाच्या रंगांसाठी आणलेले थिनर, टर्पेंटाइन किंवा रॉकेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. घरची माणसे मग मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करतात. तो कटाक्षाने टाळावा. ही द्रव्ये पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक घातक असतात, आणि उलटी होताना ती श्वासनळीत उतरतात. काहीही पाजू नये; बाटली सोबत घेऊन मुलाला रुग्णालयात न्यावे. खोकला नाही म्हणून थांबू नये. ॲसिड किंवा फिनेल प्यायल्यावरही उलटी काढू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे दुखणे वेगळे : ते घट्ट होताना तापते. ओल्या प्लास्टरच्या बादलीत मुलाने गंमत म्हणून हात खुपसून ठेवला तर हात भाजू शकतो.

डोळ्यात रसायन, प्लास्टर किंवा चुना गेल्यास रुग्णालयाकडे धावण्याआधी नळाकडे धावावे. इथे आधी घरचा उपचार आणि मग वाहन असा क्रम आहे. पापण्या बोटांनी उघड्या धरून, बाधित डोळा खालच्या बाजूला राहील असे डोके कलंडवून, २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाने दाबल्याने चुना डोळ्यात उडतो आणि नजर कायमची जाऊ शकते. ती पुडी खेळण्यासारखी मुलांच्या हाती देऊ नये. अंगावर कोरडी भुकटी पडली असेल तर ती आधी झटकावी, मग भरपूर पाणी ओतावे. कारखान्यातून वायुगळतीचा इशारा झाला, तर वारा कोणीकडून वाहतो ते पाहून त्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, नाकाशी ओले फडके धरावे. क्लोरीनसारखे वायू हवेहून जड असल्याने खोलगट जागेत साचतात. तिथे आडोसा घेऊ नये.

भाजण्याच्या बाबतीत घरोघरी टूथपेस्ट, शाई, बटाटा, कोरफड असे नाना उपाय चालतात. उपयोगाची वस्तू एकच, साधे वाहते पाणी, आणि तेही २० मिनिटे. बर्फ लावू नये, फोड फोडू नये, चिकटलेला कपडा ओढू नये. अंगठी लगेच काढावी, सूज आल्यावर ती निघत नाही. मग धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकावे. भाजलेला भाग रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल, वीज वा रसायनाने भाजले असेल, किंवा भाजलेले मूल लहान असेल तर रुग्णालय गाठावे. विजेच्या झटक्यात वरची जखम लहान आणि आतली मोठी असते.

पावसाळ्यातील ताप आणि जुलाब

जुलाबावर ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थोडी थोडी पाजावी. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे चमचे चहाचे असावेत, आणि मीठ जास्त झाल्यास अपाय होतो, म्हणून अंदाजाने घालू नये. कोकणातली मीठ घातलेली तांदळाची पेज हे याला उत्तम पूरक आहे. आजी ती द्यायची ते उगीच नव्हे. दुकानात गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे शब्द मिरवले जात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यास मनाई केली. औषधाच्या दुकानातील पुडीच घ्यावी. मुलाचे अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये, जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस पूर्ण कराव्यात. डोळे खोल गेले, लघवी ६ ते ८ तास झाली नाही, मूल निपचित पडले, पाणीही पोटात ठरेना किंवा शौचात रक्त आले, तर घरचा उपचार तिथेच संपतो.

भातलावणीच्या चिखलात किंवा पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर आलेला ताप साधा समजू नये. पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे ही लेप्टोस्पायरोसिसची शक्यता सांगणारी लक्षणे आहेत. लघवी कमी होणे आणि कावीळ दिसणे हा उशीर झाल्याचा इशारा होय. डॉक्टरांना ‘शेतात होतो’ किंवा ‘पुराच्या पाण्यातून चाललो’ हे आपणहून सांगावे. पायाला जखम असताना गमबूट घालणे हा प्रतिबंध शेतकऱ्याला अवघड वाटतो, हे खरे; चिखलात गमबूट रुततात. निदान जखम झाकून उतरावे.

नदी आणि महामार्ग

कोलाडचे राफ्टिंग कुंडलिकेवर चालते ते भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर. म्हणजे आकाश निरभ्र असतानाही या नदीची पातळी वाढू शकते. बुडणाऱ्याला वाचवायला न पोहणाऱ्याने उडी घेऊ नये; दोरी, बांबू किंवा रिकामा बंद डबा फेकावा. बाहेर काढल्यावर पोट दाबून वा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढाच्या बाबतीत सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. ३० दाबांनंतर २ श्वास. पुन्हा श्वास आला तरी रुग्णालयात नेणे भाग आहे, फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उद्भवतो.

महामार्गावरील अपघातात वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून सतत दाबणे, हा सर्वांत उपयुक्त उपाय. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे. आग किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल तर मानेला मार लागलेल्या माणसाला ओढून काढू नये, पाणी पाजू नये. ‘पोलिसांचे लचांड लागेल’ या भीतीने पुष्कळ जण थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही कलम १३४ अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे हे सर्व सोडून द्यावे. कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ घालावे, घड्याळ पाहावे. ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, दुसरी लगेच आली किंवा आयुष्यातली पहिलीच असली तर रुग्णालय. तोंड एका बाजूला झुकणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे, यांना थकवा समजून झोपवू नये. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून सीटी स्कॅनची सोय कोठे आहे हे विचारूनच गाडी वळवावी. चाळिशीनंतर छातीत भार येऊन घाम सुटला, तर सोडा-लिंबू घेऊन तासभर वाट पाहणे महागात पडते.

फोन केल्यावर

१०८ ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२, आणि पोलीस, अग्निशमन अशा कोणत्याही मदतीसाठी ११२. फोनवर घाबऱ्याघुबऱ्या पत्ता सांगताना गावाचे नाव येते, वाडी येत नाही. जवळची शाळा, देऊळ, फाटा आणि गाडी कुठपर्यंत येते, हे आधीच एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवलेले असावे. वाडीवर मोबाइलला रेंज मिळत नसेल तर ती जिथे मिळते ती जागाही घरातल्या मुलांना ठाऊक असावी. रुग्णासोबत चालू असलेल्या औषधांचा कागद, ॲलर्जीची माहिती आणि घटनेची वेळ जावी. प्यायलेल्या द्रव्याची बाटली किंवा गोळ्यांची पाकिटे रिकामी असली तरी न्यावीत.

घरच्या डब्यात ओआरएसच्या ४ पुड्या, पॅरासिटामॉल, निर्जंतुक पट्ट्या, दोन रुंद पट्ट्या, त्रिकोणी करता येईल असा जुना धुतलेला पंचा, साबण, तापमापक, बॅटरी आणि कात्री पुरे. त्यांवरच्या तारखा गणपतीपूर्वी घराची झाडलोट होते तेव्हा आणि पुन्हा होळीला पाहिल्या म्हणजे वर्षातून दोनदा आपोआप तपासणी होते. बॅटरीचे सेल मात्र मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस पडण्याआधी बदलावेत.